अमेरिकेतील उंच इमारतींची यादी आणि पुण्याने विचारायचे प्रश्न

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील प्रमुख शहरांतल्या सर्वाधिक उंच इमारतींची सचित्र यादी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर ‘पुण्यात अशी इमारत कधी उभी राहणार?’ असे विचारणारी वाचकांची पत्रेही आपण छापलीत. इमारतींचे संरचनात्मक आराखडे करण्यात आणि तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली असल्यामुळे ती यादी मी मोठ्या आवडीने वाचली. मात्र तिच्यात शहर, इमारत, मजले आणि मीटर एवढ्याच बाबी होत्या. त्या प्रत्येक उंचीमागे शहराने बिल्डरला घातलेल्या अटी आहेत, शेजाऱ्यांच्या उजेडासाठी झालेले वाद आहेत आणि अपघातांनंतर करावे लागलेले कायदे आहेत. बाणेर, बालेवाडी, खराडी, वाकड या भागांत एकामागून एक टॉवर उभे राहत असताना पुण्याने त्या शहरांकडून नेमके हेच शिकून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

यादीतला क्रमसुद्धा वाटतो तितका सरळ नाही. न्यूयॉर्कच्या ‘वन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ची उंची ५४१ मीटर, म्हणजे १,७७६ फूट, अशी दिली जाते आणि हा आकडा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या वर्षावरून मुद्दाम ठरवलेला आहे. प्रत्यक्षात तिचे छत ४१७ मीटरवर संपते आणि उरलेली उंची वरच्या मनोऱ्याची आहे. तो मनोरा इमारतीचा भाग मानायचा की नुसता अँटेना, यावर वाद झाला आणि २०१३ साली उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या शिकागोस्थित परिषदेने तो उंचीत धरण्याचा निर्णय दिला. हा निर्णय उलट लागला असता, तर ४४२ मीटर उंचीच्या शिकागोच्या विलिस टॉवरकडेच तेव्हा देशातला पहिला क्रमांक राहिला असता. आज केवळ छताची उंची मोजली तर ४७२ मीटरचा ‘सेंट्रल पार्क टॉवर’ सर्वांत उंच ठरतो आणि ती तर राहण्याची इमारत आहे. ही चढाओढ जुनीच आहे. १९२९ साली क्रायस्लर इमारतीचा पोलादी सुळका आतल्या आत जोडून अचानक वर चढवण्यात आला, तो ‘४० वॉल स्ट्रीट’ या प्रतिस्पर्धी इमारतीला मागे टाकण्यासाठीच. म्हणूनच मीटरच्या आकड्यावरून शहराची प्रगती मोजू नये, असे मी म्हणतो.

उंच इमारत कशावर उभी राहते, ते थोडे सांगितले पाहिजे. शिकागो शहर १८७१ च्या आगीत होरपळले आणि नव्याने बांधले गेले. तिथे १८८५ साली विल्यम ले बॅरन जेनी यांनी ‘होम इन्शुरन्स’ ही दहा मजली इमारत लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर उभारली. भिंतीवरचा भार सांगाड्यावर गेला, हीच खरी क्रांती होती. त्याच शहरात १८९१ साली पूर्ण झालेल्या सोळा मजली मोनाडनॉक इमारतीचा जुना भाग विटांच्या भारवाहक भिंतींवर उभा आहे. तळमजल्याला त्या भिंतींची जाडी सहा फूट आहे. यापुढे वीटकामाने जाता येणार नाही, हे ती इमारत पाहून कोणाही अभियंत्याला कळावे.

तरीही नुसत्या सांगाड्याने काम भागले नसते. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टच्या फळीवर उभे राहून वरचा दोर कापायला लावला आणि फळी जागीच थांबली. त्यातली युक्ती साधी होती. दोरावर ताण असेपर्यंत वरची पोलादी स्प्रिंग वाकलेली राहते, ताण गेला की ती सरळ होते आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकतात. आजच्या लिफ्टमध्ये वेग वाढताच पकड घेणारी यंत्रणा असते. रचना बदलली, पण तत्त्व तेच आहे. पुण्यातल्या किती सोसायट्या आपल्या लिफ्टच्या ब्रेकची चाचणी स्वतः उभे राहून करून घेतात, हे एकदा विचारून पाहावे. देखभालीचे कंत्राट दिले की आपली जबाबदारी संपली, असे बहुतेक ठिकाणी मानले जाते.

या संदर्भात एका माणसाचे नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. विलिस टॉवर, म्हणजे पूर्वीचा सीअर्स टॉवर, ज्यांच्या संरचनेमुळे उभा राहिला ते फझलूर रहमान खान १९२९ साली ढाक्यात जन्मले. उंच इमारतीला वजनापेक्षा वाऱ्याचा आडवा रेटा जड जातो. तो पेलण्यासाठी आतल्या खांबांवर अवलंबून न राहता इमारतीचा बाहेरचा पृष्ठभागच एका पोकळ नळीसारखा काम करील, अशी रचना त्यांनी मांडली. १९६९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या शिकागोच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या दर्शनी बाजूंवर जे मोठे तिरके पोलादी पट्टे दिसतात, ते शोभेसाठी नाहीत. वाऱ्याचा भार तेच जमिनीपर्यंत नेतात. त्यामुळे दर चौरस फुटाला लागणारे पोलाद एम्पायर स्टेट इमारतीच्या मानाने पुष्कळच कमी झाले. सीअर्स टॉवरसाठी त्यांनी अशा नऊ चौकोनी नळ्या मोळीसारख्या एकत्र बांधल्या आणि वर जाताना एकेक नळी टप्प्याटप्प्याने थांबवली. आपल्या उपखंडात शिकलेला एक अभियंता अमेरिकेच्या आकाशरेषेचा पाया घालतो, याचा मला अतिशय अभिमान वाटतो. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्या कामावर आवर्जून व्याख्याने व्हावीत.

आता शहराने घातलेल्या अटींविषयी. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ‘इक्विटेबल’ नावाची ३८ मजली इमारत पुरी झाली. एक एकराहूनही लहान भूखंडावर सुमारे १२ लाख चौरस फूट जागा तिने निर्माण केली आणि ती पदपथापासून थेट सरळ वर गेली. आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला, भाडी घसरली आणि ओरड झाली. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, न्यूयॉर्कने बांधकामाच्या विभागणीचा कायदा केला. ठरावीक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून मागे सरकत जावे आणि भूखंडाच्या फक्त एक चतुर्थांश भागावर तिला वाटेल तितके उंच जाता येईल, असा तो नियम होता. क्रायस्लर आणि एम्पायर स्टेट या इमारतींचा पायऱ्यापायऱ्यांचा जो आकार आपण चित्रांत कौतुकाने पाहतो, तो मुख्यतः या कायद्याने दिलेला आहे. रस्त्यावरच्या माणसाला आकाश दिसले पाहिजे हे शहराने ठरवले आणि वास्तुविशारदांनी त्या अटीत राहून सौंदर्य निर्माण केले.

टीडीआर, म्हणजे एका भूखंडावर न वापरलेले बांधकाम हक्क दुसरीकडे नेण्याची सोय, हा शब्द पुणेकरांना नवा नाही. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल या ऐतिहासिक रेल्वे स्थानकावर टॉवर बांधायला महापालिकेने परवानगी नाकारली, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि तसे करताना स्थानकाचे न वापरलेले बांधकाम हक्क शेजारच्या भूखंडांवर नेता येतात, हेही विचारात घेतले. त्याच स्थानकाला लागून २०२० साली ४२७ मीटर उंचीचा ‘वन व्हँडरबिल्ट’ टॉवर उघडला. त्याला वाढीव बांधकाम मिळाले, पण त्या बदल्यात बिल्डरने सुमारे २२ कोटी डॉलर खर्चून भुयारी रेल्वेचे जिने, मार्गिका आणि प्रवाशांसाठी जागा करून दिली, आणि टॉवर उघडला तेव्हा ही कामेही तयार होती. आपल्याकडे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) आणि टीडीआर रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहेत, मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात वाढीव बांधकामाचे धोरणही आहे आणि २०२० च्या एकात्मिक नियमावलीने उंचीची वाट बरीच मोकळी केली आहे. परंतु वाढीव मजल्यांमधून शहराला कोणता पदपथ, कोणता जिना, कोणती जलवाहिनी मिळाली, हे एखाद्या टॉवरपुढे उभे राहून दाखवता येईल का? वाढीव बांधकामासाठी बिल्डरने भरलेले अधिमूल्य तिजोरीत जमा होते आणि टॉवरपुढचा रस्ता आहे तसाच राहतो. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

सगळ्या अमेरिकी शहरांनी उंचीच निवडली, असेही नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९१० चा कायदा आजही लागू आहे आणि तिथे इमारतीची उंची साधारणपणे समोरच्या रस्त्याची रुंदी अधिक २० फूट इतकीच ठेवता येते. फिलाडेल्फियात नगरभवनाच्या माथ्यावर शहराचे संस्थापक विल्यम पेन यांचा पुतळा आहे आणि त्यांच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचे नाही, असा अलिखित संकेत १९८७ साली ‘वन लिबर्टी प्लेस’ उभी राहीपर्यंत पाळला गेला. तो मोडण्यापूर्वी त्या शहरात जाहीर आणि कडाक्याची चर्चा झाली. पुण्यात लोहगावच्या विमानतळामुळे अनेक भागांत उंचीवर बंधन आहे, टेकड्यांवरच्या बांधकामाबद्दल आपण वर्षानुवर्षे भांडलो आहोत. पण पर्वतीवरून कोणत्या दिशेला काय दिसावे यावर महापालिकेच्या सभागृहात एकदा तरी मोकळी चर्चा व्हावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

यादीत ज्यांचा उल्लेख नव्हता अशा तीन इमारतींविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली बॉस्टनची साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवर. १९७३ च्या जानेवारीतल्या वादळात तिच्या काचा निखळून पडू लागल्या. एकेक काच सुमारे सव्वादोनशे किलोची होती. दुहेरी काचांमधला सांधा इतका कडक होता की उष्णतेने आणि वाऱ्याने होणारी हालचाल त्याला सोसवली नाही आणि काच तडकत गेली. निखळलेल्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकून ती देखणी इमारत कितीतरी महिने उभी होती आणि शेवटी सर्वच्या सर्व १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. याच काळात फेरतपासणी करताना ती अरुंद बाजूने कोसळण्याचा धोका असल्याचे आढळले आणि सुमारे १,५०० टन पोलादाचे तिरके आधार आत बसवण्यात आले. आज पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या इमारती पायापासून माथ्यापर्यंत काचेने मढवलेल्या आहेत. त्या काचांच्या सांध्यांतला सीलंट उन्हाने कडक होतो, त्याला सुरकुत्या आणि बारीक चिरा पडतात, आणि खालून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली एका इमारतीचा तुटलेला तुकडा अंगावर पडून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी मरण पावली. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि आता तिथे सहा मजल्यांहून उंच असलेल्या प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी करून अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे, पण काचेचा सांधा तीस वर्षे वाट पाहत नाही.

दुसरी सॅन फ्रान्सिस्कोची मिलेनियम टॉवर. २००९ साली पूर्ण झालेली ही ५८ मजली काँक्रीटची इमारत खडकापर्यंत न जाता वरच्या घट्ट वाळूच्या थरात रोवलेल्या पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, उभी केली गेली. २०१६ पर्यंत ती सुमारे १६ इंच खचली आणि एका बाजूला कललीसुद्धा. अखेर दोन बाजूंना खडकापर्यंत नेलेल्या १८ नव्या पाइल्स घालून २०२३ साली तिला आधार देण्यात आला. तिच्या जवळच उभ्या असलेल्या ३२६ मीटरच्या सेल्सफोर्स टॉवरचा पाया मात्र थेट खडकात उतरवलेला आहे. पुण्याखाली काळा पाषाण आहे म्हणून आपल्याला चिंता नाही, असे बिल्डरच काय, काही अभियंतेही सांगतात. पाषाण आहे हे खरे, परंतु त्यावरचा मुरमाचा थर एकाच भूखंडात एका टोकाला हातभर तर दुसऱ्या टोकाला कितीतरी खोल असू शकतो, आणि मुळा-मुठेच्या काठाला गाळाची जमीन आहे. जमीन तपासण्यासाठीचे ट्रायल बोअर किती घेतले, कुठे घेतले आणि त्यात काय निघाले, हा अहवाल सदनिका घेणाऱ्याला मागताच मिळाला पाहिजे.

तिसऱ्या इमारतीचा आपल्याशी, म्हणजे वृत्तपत्राशी, थेट संबंध आहे. न्यूयॉर्कची ५९ मजली सिटीकॉर्प सेंटर १९७७ साली पूर्ण झाली. भूखंडाच्या कोपऱ्यात चर्च असल्यामुळे तिचे चार प्रचंड खांब कोपऱ्यांत न ठेवता बाजूंच्या मध्यभागी ठेवले होते. विल्यम लेमेशुरियर हे तिचे संरचना अभियंता. वर्षभरात एका विद्यार्थ्याच्या शंकेवरून त्यांनी आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा तिरक्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच जास्त असल्याचे आणि बांधकामात वेल्डिंगऐवजी बोल्टचे सांधे वापरल्याचे समोर आले. त्यांनी ते लपवले नाही, मालकांना आणि शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितले, आणि रोज रात्री कार्यालये सुटल्यावर सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करण्याचे काम सुरू झाले. परंतु त्या इमारतीत रोज कामाला येणाऱ्यांना आणि शेजारी राहणाऱ्यांना कोणी काहीच सांगितले नाही. नेमक्या त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचा संप होता. १९७८ च्या सप्टेंबरात एला नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याच्या दिशेने येत होते. ते समुद्राकडे वळले म्हणून प्रसंग टळला. ही सगळी हकीकत लोकांपुढे आली ती १९९५ साली. अभियंत्याच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि तो प्रामाणिकपणा मला वंदनीयच वाटतो. पण ज्यांच्या डोक्यावर ती इमारत होती त्यांना अंधारात ठेवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

आगीविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. २००१ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात विमान घुसले, तेव्हा तिन्ही जिने इमारतीच्या मध्यभागी होते आणि ते तिन्ही एकदम निकामी झाले. वरच्या मजल्यांवरच्या माणसांना खाली उतरण्याचा मार्गच उरला नाही. त्यानंतर अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेत ४२० फुटांपेक्षा उंच इमारतींसाठी एक जादा जिना किंवा सुटकेसाठी खास लिफ्टची अट आली आणि नव्या ‘वन वर्ल्ड ट्रेड सेंटर’मध्ये अग्निशामक जवानांसाठी स्वतंत्र जिना ठेवला गेला. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत २४ मीटरपेक्षा उंच इमारतींना रिफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घेण्याची मोकळी जागा, सांगितलेला आहे. पश्चिम पुण्यातल्या एका उंच सोसायटीत एका परिचितांकडे गेलो असता मी तो मुद्दाम पाहिला. दाराला कुलूप होते. किल्ली आणवून दार उघडले, तर आत मोडक्या सायकली, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, कोणाचा तरी जुना सोफा आणि रंगाचे रिकामे डबे कठड्यापर्यंत रचलेले होते. आगीच्या वेळी जिथे म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी मोकळ्या हवेत थांबायचे, तिथे सर्वांत लवकर पेटणारे सामान साठवलेले पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा इमारतींनी दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला सादर करायचे असते. ते प्रमाणपत्र रहिवाशांनी पाहिलेले नसते आणि अनेकांना तसे काही असते हेही माहीत नसते.

पाण्याबद्दल एवढेच की, उंच मजल्यावर पाणी चढवायला वीज लागते आणि खडकवासल्याचे पाणी पुरत नाही तिथे टँकर लागतात. चाळीस मजल्यांच्या टॉवरला परवानगी देताना त्याच्या पाण्याचा स्रोत ‘टँकर’ असा लिहून देणे, हे नियोजन नव्हे.

माझा उंच इमारतींना विरोध नाही. शहर आडवे पसरत गेले की शेते आणि टेकड्या जातात, हे मुळशी आणि हवेली तालुक्यांत रोज दिसते आहे. म्हणूनच आपणांस माझी एक विनंती आहे. यापुढे पुण्यातल्या एखाद्या टॉवरची बातमी किंवा जाहिरातवजा पुरवणी छापताना मजल्यांच्या आकड्यासोबत समोरच्या रस्त्याची रुंदी, पाण्याचा मंजूर स्रोत, जिन्यांची संख्या, रिफ्यूज एरियाचे मजले आणि वाढीव एफएसआयच्या बदल्यात शहराला काय मिळणार, ही माहितीही महापालिकेकडून मागवून छापावी. उभ्या असलेल्या उंच इमारतींपैकी जानेवारी आणि जुलैची अग्निसुरक्षा प्रमाणपत्रे किती जणांनी सादर केली, त्याची प्रभागनिहाय यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करता आली, तर आपल्या दैनिकाचे पुणेकरांवर फार मोठे उपकार होतील. महापालिकेने ही यादी देण्यास नकार दिला, तर माहिती अधिकारात अर्ज करण्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत.

आपला नम्र,

एक निवृत्त संरचना अभियंता
कोथरूड, पुणे